आणि मंडळी

"आई, तुमच्या दुकानाचं ऑब्जेक्टिव्ह काय होतं?"

मी पोळ्या लाटत होते. लेक ओट्याला टेकून उभी, हातात फ्लॅशकार्डांची गड्डी. मला शब्द कळला नाही असं वाटून तिने सोपं करून सांगितलं, "उद्दिष्ट गं. प्रॉफिट मॅक्सिमायझेशन, ग्रोथ, सर्व्हायव्हल, सोशल... यातलं काय?"

"सकाळी आठला दुकान उघडणं," मी म्हणाले.

ती हसली नाही. कार्डाच्या मागे काहीतरी खरडलं आणि वर निघून गेली. तव्यावरची पोळी करपली.

आम्ही लेस्टरला राहतो आणि लेक इथे ए लेव्हलला बिझनेस शिकते. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा झाली की पुढची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपली अकरावी-बारावी. पण इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखा नसतात. बहुतेक मुलं तीन विषय निवडतात आणि दोन वर्षं तेवढेच खणत बसतात. लेकीने गणित, भूगोल आणि बिझनेस घेतले. भूगोल आणि बिझनेस एकाच अर्जावर! बार्शीच्या आमच्या कॉलेजात खिडकीतल्या कारकुनाने तो अर्ज चष्म्यावरून बघून परत सरकवला असता.

मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाशी एका ताईंनी विचारलं, "अगं, इकॉनॉमिक्स नाही का मिळालं तिला?" मला हसूच आलं. तीस वर्षांपूर्वी मी कॉमर्सला नाव घातलं तेव्हा गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर हाच प्रश्न होता, "सायन्सला नाही का मिळालं?" दहावीला मला गणितात बरे मार्क होते, सायन्स मिळत होतं. पण पैसे मोजणाऱ्या घरातली मुलगी पैसे मोजायलाच शिकणार, हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. इथे शाखा नाहीत, पण उतरंड आहेच. नामांकित विद्यापीठांच्या रसेल ग्रुपने २०११मध्ये मुलांसाठी एक मार्गदर्शिका काढली. पुढची दारं उघडी ठेवणाऱ्या विषयांची त्यात यादी होती. गणित, इंग्रजी, भौतिकशास्त्र, भूगोल, इतिहास वगैरे. बिझनेस नव्हता. टीका होत राहिली आणि २०१९मध्ये त्यांनी ती यादी मोडीत काढली. यादी गेली तरी फराळाच्या ताटाशी ती अजून पाठ आहे.

लेकीचं पुस्तक पहिल्यांदा चाळलं तेव्हा मला वाटलं होतं, हे तर आपलंच. मी इथे आल्यावर एएटी हा हिशेबनिसांचा कोर्स केला, आता एका छोट्या कंपनीचं हिशेबाचं काम बघते, तेव्हा नावे-जमा रोजचंच. पण तिच्या पुस्तकात नावे-जमा नाहीच. ताळेबंद आहे, पण तो तयार असतो. तयार ताळेबंद समोर ठेवून विचारतात, आता या कंपनीने काय करावं?

आम्हाला हे कधी कुणी विचारलं नाही.

आमचे विषय मराठीतून होते आणि त्यांची नावं अशी भारदस्त की वहीच्या कव्हरवर एका ओळीत मावायची नाहीत. पुस्तपालन आणि लेखाकर्म. वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन. चिटणिसाची कार्यपद्धती. हा शेवटचा विषय म्हणजे कंपनीच्या चिटणिसाने सभासदाला, कर्जरोखेधारकाला, ठेवीदाराला पत्रं कशी लिहायची. मी बारावीत अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांच्या वतीने डझनांनी नम्र पत्रं लिहिली. तेव्हा बार्शीतल्या आमच्या ओळखीत एकाही माणसाकडे कर्जरोखा नव्हता.

पण पुस्तपालन मला मनापासून आवडायचं. अजून आवडतं. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. जे येते ते नावे, जे जाते ते जमा. किर्दीत प्रत्येक नोंदीखाली कंसात एक स्पष्टीकरण लिहावं लागे आणि ते नेहमी 'बद्दल'ने संपे. रोखीने माल खरेदी केल्याबद्दल. मालकाने घरखर्चासाठी रोख उचलल्याबद्दल. आग लागून माल जळाल्याबद्दल. आग कशी लागली, मालकाच्या घरात त्या महिन्यात एवढा खर्च कसला निघाला, हे विचारायचं नाही. तारीख, तपशील, खातेपान, नावेची रक्कम, जमेची रक्कम. पाच रकाने. 'का' लिहायला सहावा नव्हता, आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही.

आमचं किराणा-भुसार दुकान होतं, आजोबांनी काढलेलं. पाटीवर त्यांचं नाव आणि पुढे 'आणि मंडळी'. मुंबईत 'अँड कंपनी' लिहितात तसं. लहानपणी मला वाटायचं, मंडळी म्हणजे आजी, कारण आजोबा चारचौघांत तिचा उल्लेख 'आमची मंडळी' असाच करायचे. मग मोठी झाल्यावर कळलं की मंडळी म्हणजे अण्णा, माझे वडील, आणि काका. अकरावीच्या पुस्तकात 'एकत्र हिंदू कुटुंब व्यवसाय' असा धडा होता. त्यात कुटुंबप्रमुखाला 'कर्ता' म्हणतात आणि कर्त्याची जबाबदारी अमर्यादित असते असं वाक्य होतं. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. पुस्तकात आपल्या घराबद्दल काही लिहिलेलं सापडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

आजोबा गेल्यावर दोघा भावांनी सात-आठ वर्षं दुकान चालवलं. भांडण झालं ते उधारीवरून. अण्णांचं गिऱ्हाईक खेड्यातलं. रब्बीची ज्वारी निघेपर्यंत माल न्यायचा आणि सुगीला पैसे द्यायचे, ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. काकांना ते बंद करायचं होतं. नव्वदीनंतर बाजारात पुडकी आली. एक रुपयाची शाम्पूची पुडी, चहाची पुडी, एक लिटर तेलाची पिशवी. काकांचं म्हणणं, आपण एजन्सी घेऊ, एक टेम्पो घेऊ, वैराग, पांगरीपर्यंतच्या दुकानांना रोखीने माल टाकू. सुटं धान्य निवडत, तोलत बसायचे दिवस संपले. अण्णा म्हणायचे, पुड्या विकायला आपण कशाला लागतो? पुडीवर तर किंमत छापलेली असते. छापील किंमत त्यांना अपमानासारखी वाटायची. माणूस बघून भाव सांगणं हीच त्यांची विद्या होती.

१९९५च्या दिवाळीत वाटणी झाली. लक्ष्मीपूजनाला वह्या एकत्र पुजल्या आणि पाडव्याला दोन वेगळ्या वह्या सुरू झाल्या. त्या मधल्या रात्री माजघरात वाटणीचा कागद लिहायचा होता. काका म्हणाले, "कॉमर्सची आहे ना ती, लिहू दे तिला. अक्षर चांगलं आहे." सतरा वर्षांची मी, फुलस्केप आणि पट्टी घेऊन बसले. माल, फडताळं, तराजू, गोदाम, बँकेतली शिल्लक, येणं, देणं. काकांनी गोदाम आणि रोख घेतली. अण्णांनी दुकान आणि उधारीची वही घेतली. वहीतली सगळी येणी, जशीच्या तशी, पुऱ्या रकमेला.

इथे माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. बुडीत आणि संशयित कर्जासाठी तरतूद करतात हे मला अकरावीपासून पाठ. मी म्हटलं, "अण्णा, येण्यातून पाच टक्के तरी वजा करायला पाहिजेत. सगळे देणार नाहीत." अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टी खाली ठेवली. म्हणाले, "माणसांना टक्के लावायला शिकवतात का तुला कॉलेजात?"

शिकवत होते, खरं म्हणजे तेच शिकवत होते. पण मी गप्प बसले आणि कागदावर पूर्ण रक्कम लिहिली. मग शेवटी म्हटलं, "ख्याती राहिली."

ख्याती म्हणजे इंग्रजीत ज्याला गुडविल म्हणतात ते. धंद्याच्या नावाची किंमत. गेल्या काही वर्षांच्या नफ्याची सरासरी काढायची आणि तिला दोन किंवा तीन वर्षांनी गुणायचं, की आली ख्याती. नवा भागीदार आला की जुन्यांनी किती हिस्सा सोडला त्याला त्यागाचे प्रमाण म्हणायचं, त्या प्रमाणात ख्याती वाटायची. हिशेबाच्या पुस्तकात 'त्याग' हा शब्द बघून मला तेव्हाही गंमत वाटली होती.

दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. पाटीचे पैसे काकांनी मागितले नाहीत, अण्णांनी देऊ केले नाहीत. शेवटी काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आटपा आता, मुलं जेवायची थांबलीत." ख्याती कागदावर आली नाही. पाटी जिथे होती तिथे राहिली, 'आणि मंडळी'सकट, आणि आत एकटे अण्णा.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सरांनी भागीदारीचं विसर्जन शिकवायला घेतलं. 'अनिल आणि सुनील हे ३:२ या प्रमाणात नफा-तोटा वाटून घेणारे भागीदार आहेत. त्यांनी भागीदारी संस्थेचे विसर्जन करण्याचे ठरविले.' का ठरविले, कुणास ठाऊक. मी गणित सोडवलं. वसुली खातं काढलं, मालमत्ता तिकडे नेली, ऋणकोंकडून नव्वद टक्के वसूल झाले ते जमा केले, धनकोंचे दिले, तोटा तीनास दोन वाटला. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली. सरांनी वहीवर 'छान' लिहिलं. बारावीला पुस्तपालनात मला चांगले मार्क पडले आणि त्याच वर्षी काकांच्या नि आमच्या घरातलं जाणं-येणं हळूहळू थांबलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लेकीचा अभ्यासक्रम. तिच्या परीक्षेला तीन पेपर असतात, प्रत्येक दोन तासांचा, शंभर मार्कांचा. पहिल्यात पंधरा बहुपर्यायी प्रश्न, काही छोटी उत्तरं आणि पंचवीस-पंचवीस मार्कांचे दोन निबंध. दुसऱ्यात आकडे आणि उतारे देऊन त्यावर प्रश्न. तिसऱ्यात एकच मोठी गोष्ट, एखाद्या कंपनीची, आणि सगळे प्रश्न तिच्यावर. प्रकल्प नाही, तोंडी नाही, दोन वर्षांचं सगळं त्या सहा तासांत. प्रश्नांचा घाट ठरलेला. 'कितपत सहमत आहात?' 'कोणता पर्याय योग्य, समर्थन करा.' आणि उत्तराच्या शेवटी मुलं हमखास लिहितात, 'हे परिस्थितीवर अवलंबून आहे.' सुरुवातीला लेकीचा प्रत्येक निबंध तिथेच येऊन थांबायचा. एकदा तिच्या बाईंनी त्या वाक्यापुढे लाल शाईत एकच शब्द लिहिला होता, 'कशावर?' माझ्या सगळ्या वह्यांमधले 'छान' एका पारड्यात टाकले तरी त्या 'कशावर'चं पारडं जड होईल, असं मला वाटलं.

तरीपण या विषयाचा मला राग येतो, तोही सांगून टाकते. सतरा वर्षांची पोरं, ज्यांनी कधी गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिले नाहीत, ती बसून ठरवतात की सुपरमार्केटच्या साखळीने कुठल्या देशात जावं. चौकटी तर किती! प्रत्येक गोष्टीला चार घरं. आन्सॉफची चौकट, १९५७ची: जुना माल की नवा, जुना बाजार की नवा. बोस्टनची चौकट, १९७०ची. तिच्यात जो माल बाजाराचा मोठा हिस्सा राखून आहे पण बाजार वाढत नाही, त्याला 'कॅश काऊ' म्हणतात. लेक ती संकल्पना मला पाच मिनिटं समजावत होती. मी म्हटलं, दुभत्या गाईच्या लाथा गोड. तिला अर्थ सांगितला, तर म्हणाली, "अगं, पण हे तर इव्हॅल्युएशन झालं!" आमच्याकडे ती गाय म्हणजे गूळ. सगळ्यात जास्त खपायचा, सगळ्यात जास्त मुंग्या, सगळ्यात जास्त कटकट.

आणि तिच्या वहीत भागीदारी नाहीच. एकटा मालक आहे, खाजगी कंपनी आहे, शेअर बाजारातली कंपनी आहे. मी विचारलं, भागीदारी कुठाय? म्हणाली, आम्हाला फारशी नाही ती. आमच्या बारावीच्या पुस्तकाचा निम्मा जीव भागीदारीत होता. भागीदाराचा प्रवेश, भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू, संस्थेचं विसर्जन. एखाद्या घराण्याची कादंबरी वाटावी अशी प्रकरणांची नावं. मृत्यूचंसुद्धा खातं निघायचं. वारसाला किती द्यायचे ते काढायला एक समास सोडून पट्टीने रेघा मारायच्या. इथे कंपनी आधीच मर्यादित जबाबदारीची असते. माणसं येतात, जातात, कंपनीला त्याचं काही नसतं.

असं मी म्हणते खरी, पण मग विल्को आठवतं.

विल्को म्हणजे घरात लागणाऱ्या सटरफटर वस्तूंचं दुकान. खिळे, रंग, झाडाच्या कुंड्या, पातेली, चॉकलेटं. आम्ही नवे आलो तेव्हा घराची पहिली बादली तिथूनच आणली. १९३० साली लेस्टरच्याच चार्नवुड स्ट्रीटवर विल्किन्सन नावाच्या माणसाने ते काढलं. वाढत वाढत देशभर चारशे दुकानं झाली आणि धंदा शेवटपर्यंत घराण्याच्याच हातात राहिला. संस्थापकाची नात बराच काळ अध्यक्षा होती. घराण्याच्या दोन शाखांपैकी एक आधीच आपला हिस्सा विकून बाजूला झाली होती. २०२३च्या ऑगस्टमध्ये विल्को बुडालं. बारा हजारांवर माणसं तिथे कामाला होती. कारणं सगळ्यांनी लिहिली: गावाच्या मध्यातली महाग भाड्याची दुकानं, गावाबाहेर गाडी लावायला जागा असलेले बी अँड एमसारखे स्वस्त प्रतिस्पर्धी, रिकामी होत गेलेली फडताळं.

लेक तेव्हा पंधरा वर्षांची. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघी बघायला गेलो. फडताळांवर मालाऐवजी फडताळांच्याच किमती लावल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ लोखंडी टोपल्या विकत घेत होते, दुकानातल्या, गिऱ्हाइकांनी हातात धरायच्या. लेकीने विचारलं, "यांचं नाव कोण घेणार?" मी चमकले. नाव खरोखरच वेगळं विकलं गेलं. द रेंज नावाच्या दुसऱ्या साखळीने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षाअखेर प्लिमथ आणि एक्सेटरला त्या नावाची दुकानं पुन्हा उघडली. माणसं निराळी, मालक निराळे, पाटी तीच. म्हणजे ख्यातीची नोंद झाली होती. नावाच्या किमतीचा भरवसा मात्र नाही. बीएचएस ही जुनी मोठी दुकानसाखळी २०१५मध्ये एका पाउंडाला विकली गेली आणि पुढच्या वर्षी बंद पडली. २०२५मध्ये पाउंडलँडही एका पाउंडालाच गेलं. सरासरी नफ्याला कितीने गुणलं असतं म्हणजे हे उत्तर आलं असतं, असा विचार मी नंतर एकदा बसमध्ये बराच वेळ करत होते.

विल्को बुडालं त्याच्या पुढच्या वर्षी विषय निवडताना लेकीने बिझनेस लिहिलं. विल्कोमुळे का, मी विचारलं नाही.

परवाची गोष्ट. तिच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी बदल हाताळण्याचा भाग आहे. कॉटर आणि श्लेसिंगर या दोघांनी १९७९मध्ये मांडलं की माणसं बदलाला विरोध करतात त्याची चार कारणं असतात. एक, स्वार्थ. दोन, गैरसमज आणि विश्वासाचा अभाव. तीन, परिस्थितीचं वेगळं आकलन. चार, बदल सोसण्याची ताकदच कमी. हा विरोध शमवायचे सहा मार्गही आहेत, समजावण्यापासून थेट दमदाटीपर्यंत. लेक कार्डं बघून म्हणून दाखवत होती आणि मी उदाहरण मागत होते. ती म्हणाली, "तुमचं दुकान घेऊ? तो किस्सा पूर्ण सांग ना."

मी सांगितला. पुड्या, टेम्पो, उधारी, वाटणी. मुलांना असल्या गोष्टी अर्ध्याच सांगितलेल्या असतात, ते बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. ती टिपणं काढत होती. मग म्हणाली, "अण्णा आजोबांचे रिसीव्हेबल डेज फार होते." येणं भागिले विक्री, गुणिले तीनशे पासष्ट. उधारी सरासरी किती दिवसांनी हातात येते ते त्यातून कळतं. मी म्हटलं, एक सुगी. काकांच्या टेम्पोला तिने आन्सॉफच्या एका घरात बसवलं, मग खोडून दुसऱ्या घरात बसवलं, कारण मालही नवा आणि गिऱ्हाईकही नवं. मला ते बघवेना. आमच्या माजघरातली ती रात्र अशी घरांमध्ये बसते आहे हे मला आवडलं नाही आणि तसं मी थोडं तिखटच बोलले.

"बरं," ती म्हणाली, "मग चारातलं कारण कुठलं होतं?"

आमच्या घरात याची दोनच उत्तरं आहेत. आमच्या बाजूला: काकांचा स्वार्थ. काकूंच्या बाजूला: अण्णांना नवं काही झेपत नव्हतं. पहिलं आणि चौथं. लग्नाकार्यात, बारशात, अण्णांच्या तेराव्यालासुद्धा मी हीच दोन उत्तरं ऐकली. लेकीने कार्ड माझ्यापुढे धरलं, तिसऱ्या ओळीवर अंगठा. म्हणाली, "दोघांकडे वेगळी माहिती असेल ना? अण्णा आजोबांना काहीतरी माहीत असेल, जे काका आजोबांना नव्हतं. आणि उलटं. दोघंही बरोबर असू शकतात. त्याला स्वार्थी असावं लागत नाही."

मी त्या रात्री समोर बसून कागद लिहिला होता. प्रत्येक आकडा माझ्या अक्षरातला. आणि अण्णांना उधारीचा एवढा भरवसा कुठून आला, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते २०११ला गेले. उधारीची वही घरी ट्रंकेत आहे. काही खात्यांवर 'चुकते' म्हणून तिरपी रेघ आहे, काहींवर नाही. दोहोंची बेरीज मी कधी केली नाही, करू शकते तरी.

रविवारी दुपारी तिने काकांना फोन लावला, चित्र दिसणारा. मी अडवलं नाही. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एजन्सी मुलगा बघतो, टेम्पो आता तीन आहेत. आम्ही वर्षाकाठी एकदा, पाडव्याला बोलतो आणि तेही तब्येतीच्या पुढे जात नाही. पडद्यावर आधी त्यांचं कपाळच तेवढं आलं, मग काकूंनी फोन सरळ केला.

"काका आजोबा," लेक तिच्या मराठीत म्हणाली, "मी दुकानाबद्दल विचारू? शाळेसाठी नाही, तसं शाळेसाठीच, पण... अण्णा आजोबा उधार का देत होते?"

काकू पडद्यातून बाजूला झाल्या. मी ओट्याशी उगाचच कट्टा पुसायला लागले.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली. मग त्यांनी विचारलं, "परीक्षेला येतो का हा प्रश्न?"

"येऊ शकतो."

"किती मार्काला?"

"पंचवीस."

"मग बस की जरा बाळ, उभ्या उभ्या नको," काका म्हणाले. "बहात्तरपासनं सुरू करावं लागंल. दुष्काळ होता. लोकं खडी फोडायला जायची, रेशनला ती तांबडी मिलो ज्वारी यायची. दुकानात इकायला काय नव्हतं बघ. मीठ, काड्यापेट्या, एवढंच. मी पंचवीस वर्षांचा होतो, म्हटलं, अण्णा, कशाला उघडायचं? तर तुझे अण्णा आजोबा म्हणले..."

लेकीने खुर्ची ओढली. मी कट्टा पुसायचा थांबले आणि गॅसवरची कढई खाली उतरवली.